कमी खपाचा गेम कन्सोल घ्यावा का? एक हिशेब



सुट्या जवळ आल्या की शाळेच्या कार्यालयात फी, गणवेश आणि बस यांच्या चौकशीबरोबर अलीकडे एक नवी चौकशी येऊ लागली आहे. "मुलगा व्हिडिओ गेमचे मशीन मागतो आहे. सगळे घेतात ते आमच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरे एक स्वस्तात मिळते आहे, पण ते फारसे कोणाकडे दिसत नाही. घेऊ का?" अशी विचारणा आमच्याकडे बऱ्याच पालकांनी केली. त्यावर प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे असे आम्हांस वाटले.

मुलांनी गेम खेळावेत की नाही, किती खेळावेत, हा विषय निराळा आहे आणि तो ज्याच्या त्याच्या घरी ठरावा. येथे आपण एवढेच पाहू, की घ्यायचेच ठरले असेल तर कमी खपाचे मशीन घेण्यात शहाणपण केव्हा असते आणि केव्हा नसते. पैसा कष्टाचा असतो आणि मुलाचे मनही तितकेच मोलाचे असते. म्हणून दोन्हींचा हिशेब मांडू.

कन्सोल म्हणजे काय?

कन्सोल हा टीव्हीला जोडायचा एक संगणकच. फरक इतकाच, की तो मुख्यतः गेम खेळण्यासाठी बनवलेला असतो आणि एका कंपनीच्या कन्सोलसाठी काढलेली तबकडी दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर चालत नाही. आज या धंद्यात तीन मोठी नावे आहेत : सोनी (प्लेस्टेशन), मायक्रोसॉफ्ट (एक्सबॉक्स) आणि निन्टेन्डो. म्हणजे मशीन घेताना आपण नुसता डबा घेत नाही. त्या डब्यावर पुढे काय काय चालणार, हेही त्याच वेळी ठरवून टाकतो.

पालकांपैकी ज्यांनी व्हीसीआरचा काळ पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स ही पद्धत आणली आणि १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस आली. बीटामॅक्सचे चित्र चांगले म्हणून नावाजले गेले, पण तिच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास चित्रण मावत असे आणि व्हीएचएसवर दोन तास. हळूहळू भाड्याच्या दुकानांत व्हीएचएस कॅसेटी वाढल्या. कॅसेटी जास्त म्हणून लोक व्हीएचएसचे मशीन घेऊ लागले आणि मशीन जास्त म्हणून कॅसेटी आणखी वाढल्या. बीटामॅक्सचे रेकॉर्डर २००२ पर्यंत आणि कॅसेटी २०१६ पर्यंत बनत होत्या, पण निकाल फार आधी लागलेला होता.

गेमच्या बाजारात नेमके हेच चक्र चालते. जिथे खेळणारे जास्त, तिथे गेम बनवणारे जातात. जिथे गेम जास्त, तिथे खेळणारे जातात. आपल्या देशातले उदाहरण द्यायचे तर २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि कबड्डी, विटीदांडू असे आपले खेळ असलेला 'देसी अड्डा' हे भारतात तयार झालेले गेम निघाले. दोन्ही प्लेस्टेशन २ वर आले. त्या वेळी ते मशीन नऊ वर्षांचे जुने झाले होते आणि त्यापेक्षा नवी, ताकदवान मशीने बाजारात होती. तरी जुन्यासाठीच गेम निघाले. जगभरात १५ कोटींहून अधिक विकले गेलेले ते मशीन होते, हे लक्षात घेतले की नवल वाटत नाही.

खप कमी म्हणजे माल वाईट?

असे मुळीच नाही. सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट पाहा. तो जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आणि अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी विक्रीस आला. टेलिफोन लाइनवरून इंटरनेटला जोडण्याचे मोडेम त्यात बसवूनच मिळत असे. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पण मार्च २००० मध्ये जपानात प्लेस्टेशन २ आले. ते डीव्हीडी सिनेमेही दाखवीत असे आणि जुन्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेमही चालवीत असे. घरात एकच वस्तू घ्यायची तर लोकांनी दोन कामे करणारी घेतली. मार्च २००१ अखेर सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले. सुमारे ९१ लाख मशीने विकली गेली. सेगा त्यानंतर कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडली आणि इतरांच्या मशीनसाठी गेम काढू लागली.

ज्यांनी ड्रीमकास्ट घेतला त्यांचे मशीन एका रात्रीत बिघडले नाही. जे गेम होते ते तसेच उत्तम चालत राहिले. फक्त पुढचे येणे थांबले. कमी खपाच्या मशीनबद्दल ध्यानात ठेवायची पहिली गोष्ट हीच : जे हातात आहे ते जात नाही, जे येणार होते ते येत नाही. म्हणून असे मशीन घेताना 'पुढे येतील' अशा गेमच्या भरवशावर कधीही घेऊ नये. आज निघालेले आणि मिळणारे गेम पाहूनच घ्यावे.

'वी यू'ची गोष्ट

आमच्याकडे आलेल्या चौकशांत निन्टेन्डोच्या 'वी यू'चे नाव दोनदा आले, म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करू.

निन्टेन्डोने २००६ मध्ये 'वी' नावाचा कन्सोल काढला. हातातला रिमोट हलवून टेनिस, बोलिंग खेळायचे अशी त्याची रीत. ज्यांनी कधी गेमला हात लावला नव्हता असे आजी-आजोबाही खेळू लागले आणि १० कोटींहून अधिक मशीने विकली गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच कंपनीने 'वी यू' आणला. त्याच्या कंट्रोलरमध्ये ६.२ इंचांचा स्पर्शपडदा होता. टीव्हीवर दुसरे कोणी काही पाहत असेल तर बरेच गेम त्या पडद्यावरच खेळता येत. कल्पना छान होती, पण नावाने घोटाळा केला. अनेकांना वाटले, की हे जुन्या 'वी'लाच जोडायचे काही जास्तीचे उपकरण आहे. शिवाय एका वर्षाने, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही अधिक ताकदीची मशीने आली. बाहेरच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. फुटबॉलचा 'फिफा १३' या मशीनवर आला आणि 'फिफा १४' आलाच नाही. जानेवारी २०१७ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा एकूण विक्री होती १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. प्लेस्टेशन ४ ची विक्री पुढे ११ कोटींच्या वर गेली.

आता दुसरी बाजू पाहा. याच पडलेल्या मशीनवर निन्टेन्डोने स्वतः काढलेले गेम उत्कृष्ट होते. २०१४ चा 'मारिओ कार्ट ८' पुढे २०१७ मध्ये 'स्विच' या नव्या मशीनवर थोड्या भरीसह पुन्हा आला आणि ६ कोटींहून अधिक विकला गेला. म्हणजे गेम तोच, पण पहिल्या वेळी तो खेळायला माणसेच कमी होती. शिवाय 'वी यू'वर जुन्या 'वी'च्या तबकड्या आणि रिमोटही चालतात. त्यामुळे त्याचा साठा दिसतो त्याहून मोठा आहे.

पण आज ते घेणाऱ्याने चार गोष्टी जाणल्याच पाहिजेत.

पहिली, त्याचे इंटरनेटवरचे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. नवा गेम विकत घेऊन उतरवता येत नाही, तबकडीच शोधावी लागते. दुसरी, एप्रिल २०२४ मध्ये इंटरनेटवरून इतरांशी खेळण्याची सेवाही बंद झाली. तिसरी, तबकड्यांना प्रदेशाचे कुलूप आहे. अमेरिकेतल्या मशीनवर अमेरिकेच्याच तबकड्या चालतात, युरोप वा जपानच्या नाहीत. चौथी, पडद्याचा तो कंट्रोलर म्हणजे मशीनचा अर्धा जीव आहे. तो फुटला तर दुसरा मिळवणे सोपे नाही. त्याच्याशिवाय मशीनची मांडणीही नीट होत नाही.

आणि जाता जाता विजेचे. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडून आलेल्या कोणत्याही वस्तूच्या अडॅप्टरवर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

दोन घरे, दोन उत्तरे

पहिल्या घरात चौथीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. अमेरिकेतले मामा आपला जुना 'वी यू' आणि सहा तबकड्या देऊ म्हणत होते, फक्त आणण्याचा आणि दोन जास्तीच्या रिमोटांचा खर्च होता. वडिलांचे छोटे दुकान आहे, नवे मशीन घेणे त्यांना शक्य नव्हते. आम्ही मुलांनाच विचारले, की तुम्ही कोणाबरोबर खेळणार? उत्तर आले, "आम्ही दोघे आणि आजी." म्हणजे इंटरनेटची गरजच नव्हती. सहापैकी चार गेम दोघांनाही हवे होते. भारतात चालणारा अडॅप्टर घेण्याची आठवण देऊन आम्ही म्हटले, खुशाल घ्या.

दुसऱ्या घरातला मुलगा नववीत. दोन दिवाळ्यांचे आणि वाढदिवसांचे मिळून त्याने अकरा हजार रुपये साठवले होते. तेच मशीन त्याला एका दुकानात सेकंडहँड मिळत होते. दुकानदाराची किंमत वाजवी होती आणि मशीनही स्वच्छ होते. त्यालाही आम्ही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पुण्याला आत्तेभाऊ आहेत, त्यांच्याबरोबर रात्री नेटवर खेळणार." आम्ही त्याला सेवा बंद झाल्याची तारीख दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. दोन वर्षे ज्या वस्तूची स्वप्ने पाहिली ती समोर असताना 'नको' म्हणणे त्या वयात सोपे नसते. चार दिवसांनी तो सांगायला आला, की पैसे आईने पोस्टात ठेवले आहेत आणि अजून थोडे साठवून आत्तेभावांकडे आहे तेच मशीन घेणार. त्याचा हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटला.

मशीन एकच, भावही साधारण बरा, पण एका घराला ते सोन्याचे आणि दुसऱ्याला मातीचे. मशीन चांगले की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी, कोणाबरोबर आणि कोणता खेळ, हे जोडल्यावरच त्याला अर्थ येतो.

आता वहीवर हिशेब

हिंदीत म्हण आहे, 'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार'. ती खरी की खोटी हे गणितानेच पाहू. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हे वहीत करून पाहावे. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. बाजारात विचारून आपापले आकडे घालावेत.

समजा मशीन 'अ' लोकप्रिय आहे. किंमत ४०,००० रुपये. दुसरा कंट्रोलर ५,५००. प्रत्येकी ३,५०० चे दोन गेम घेतले, बाकीचे मित्रांशी अदलाबदल करून मिळाले. गेमचे ७,०००. एकूण ५२,५००. तीन वर्षांनी विकले तर १६,००० आले. निव्वळ खर्च ३६,५००, म्हणजे वर्षाला सुमारे १२,१६७.

समजा मशीन 'ब' कमी खपाचे, सेकंडहँड आहे. किंमत १२,०००. दुसरा कंट्रोलर २,०००. मित्रांकडे नसल्यामुळे अदलाबदल नाही, सहा गेम १,५०० प्रमाणे ९,०००. एकूण २३,०००. तीन वर्षे टिकले आणि ३,००० ला विकले तर निव्वळ खर्च २०,०००, म्हणजे वर्षाला सुमारे ६,६६७. 'ब' जवळजवळ निम्म्यात पडले.

पण 'ब' एका वर्षात बंद पडले आणि दुरुस्त करणारा मिळाला नाही तर? विकूनही काही आले नाही असे धरले तर पूर्ण २३,००० एका वर्षाचेच झाले. मग महाग 'अ'च्या जवळजवळ दुप्पट. तर 'ब'ने 'अ'ची बरोबरी करायला किती काळ टिकले पाहिजे? २३,००० ला १२,१६७ ने भागा. उत्तर येते सुमारे १.८९ वर्षे, म्हणजे २३ महिने. म्हण तेवीस महिन्यांच्या आत खरी आणि त्यापुढे खोटी!

यातून निघणारा धडा असा, की स्वस्त मशीनची खरी किंमत तिच्यावर लिहिलेली नसते. ती मशीनच्या आयुष्यात दडलेली असते. म्हणून सेकंडहँड वस्तू दुकानात अर्धा तास चालवून पाहावी. तबकडी घालून, प्रत्येक बटण दाबून, टीव्हीला जोडून. आणि विचारावे, की बिघडल्यास आपल्या शहरात कोण उघडतो?

आजच्या मशीनांचे काय?

हाच विचार नव्या मशीनांनाही लागू पडतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स सिरीज एस' भारतात ३४,९९० रुपयांस आणला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनीचा 'प्लेस्टेशन ५' ४९,९९० रुपयांस आला. तेव्हापासून भाव बदलत आले आहेत, म्हणून आजचा भाव दुकानातच विचारावा. २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ ची विक्री ८ कोटींवर गेली. मायक्रोसॉफ्ट आपल्या कन्सोलच्या विक्रीचे आकडे सांगत नाही, पण खप पुष्कळ कमी आहे हे जगजाहीर आहे.

मग सिरीज एस हा 'वी यू'सारखाच समजायचा का? पूर्णपणे नाही. बहुतेक मोठे गेम आज दोन्हींवर येतात. 'फोर्टनाइट' किंवा 'माइनक्राफ्ट'सारखे काही गेम असे आहेत, की एकाकडे प्लेस्टेशन आणि दुसऱ्याकडे एक्सबॉक्स असले तरी दोघे एकत्र खेळू शकतात. त्यामुळे 'मित्राकडे दुसरे आहे' ही अडचण पूर्वीइतकी मोठी राहिली नाही. पण सिरीज एसमध्ये तबकडी घालण्याची जागाच नाही. गेम इंटरनेटवरून उतरवूनच घ्यायचा. म्हणजे मित्राकडून मागून आणणे नाही, खेळून झाल्यावर विकणे नाही, आणि घरी वेगवान, भरपूर मर्यादेचे इंटरनेट हवे. मासिक वर्गणी भरून बरेच गेम खेळण्याची सोय आहे, पण ती केबलच्या बिलासारखी आहे. भरणे थांबले की खेळणेही थांबले. ती वर्गणी वरच्या हिशेबात बारा महिन्यांनी गुणून धरावी.

इंटरनेटच्या दुकानावर विसंबण्याचा धोका सोनीच्या गिऱ्हाइकांनीही अनुभवला आहे. मार्च २०२१ मध्ये कंपनीने प्लेस्टेशन ३ आणि हातात धरायच्या 'व्हिटा'चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले आणि लोकांनी नाराजी दाखवल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. त्या वेळी वाचले, पण किल्ली कोणाच्या हातात आहे हे सर्वांना कळले.

घेण्यापूर्वी सहा प्रश्न

हे प्रश्न पालकांनी मुलाला विचारू नयेत, मुलानेच उत्तरे लिहून पालकांपुढे ठेवावीत, असे आम्ही सुचवतो.

१. या मशीनवर मला हवे असलेले, आज मिळणारे पाच गेम कोणते? नावे लिहा. पाच होत नसतील तर थांबा. प्रत्येकावर छापलेली वयोमर्यादाही लिहा.

२. मी कोणाबरोबर खेळणार? घरातल्यांशी की दूरच्यांशी? दूरच्यांशी असेल तर ती सेवा आज चालू आहे का?

३. गेम तबकडीवर मिळतो की फक्त उतरवून? दुकान उद्या बंद झाले तर माझ्याजवळ काय उरेल?

४. हेच गेम घरच्या संगणकावर चालतात का? चालत असतील तर मशीन कशाला?

५. बिघडल्यास दुरुस्ती कोठे, आणि कंट्रोलर, अडॅप्टर वेगळे मिळतात का?

६. तीन वर्षांचा एकूण खर्च किती? विकताना कोण घेईल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर मशीन कमी खपाचे आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. उलट, गर्दी नाही म्हणून भाव उतरलेला असतो आणि चांगली वस्तू निम्म्या पैशांत घरी येते. पहिल्या तीनांपैकी एकही उत्तर डळमळीत असेल तर कितीही स्वस्त मिळो, ती वस्तू महागच समजावी.

विद्यार्थी मित्रांनो, 'सगळ्यांकडे आहे' हे एखादी वस्तू घेण्याचे पुरेसे कारण नाही, आणि 'कोणाकडेच नाही' हे ती टाळण्याचेही नाही. सहा उत्तरे लिहिलेला कागद घेऊन आई-बाबांसमोर बसा. हट्टापेक्षा असा कागद अधिक काम करतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि कोणाला हिशेबात अडले तर मधल्या सुटीत कार्यालयात यावे, वही मात्र बरोबर आणावी.